धन्यवादित निकोलस स्टेनो : भूस्तरांचा क्रम लावणारे बिशप

शिरूर व दौंड या तालुक्यांत विहिरीचे खोदकाम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांस भूमीच्या पोटातील रचना नव्याने सांगावयास नको. वर काळी माती, तिच्यात विखुरलेले चुनखडीचे खडे, तिच्याखाली मुरूम, आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. पाषाण फोडून आणखी खाली गेले असता कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा एक पट्टा लागतो व त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाणच लागतो. हे दोन पाषाण एकाच वेळी झालेले नाहीत. खालचा आधी झाला, त्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने झिजून तांबडा पडला, आणि त्यानंतर दुसरा पाषाण त्याजवर येऊन पसरला. खालचे ते जुने व वरचे ते नवे, हे सांगावयास पंडित कशाला हवा, असे कोणासही वाटेल. परंतु ही साधी गोष्ट नियमाच्या रूपाने ग्रंथात मांडली गेली ती १६६९ साली. आणि ज्या गृहस्थांनी ती मांडली ते पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले, बिशप झाले, व १९८८ साली त्यांची गणना धन्यवादितांत झाली.

आमच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली महोत्सवाच्या अंकात त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले, त्यास कारण आहे. आमची मुले आता शाळा-महाविद्यालयांतून विज्ञान शिकतात. पृथ्वीचे वय कोट्यवधी वर्षांचे आहे असे ती घरी येऊन सांगतात, आणि कित्येक आईबापांच्या मनात भीती उभी राहते की, मुलाच्या हाती पुस्तक आले आणि जपमाळ सुटली. ही भीती खोटी आहे असे नुसते सांगून ती जात नाही. ज्याने दोन्ही हाती धरले, आणि त्यापायी पुष्कळ सोसलेही, अशा मनुष्याचे चरित्र पाहावे हे बरे.

निकोलस स्टेनो यांचे मूळ डॅनिश नाव नील्स स्टेनसेन. त्यांचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १ जानेवारी १६३८ रोजी झाला. घराणे ल्यूथरन पंथाचे, वडील सोनार. बालपणी तीन वर्षे ते दुखणाईत होते, आणि दुखण्यातून उठतात न उठतात तोच वडील वारले. पुढे शाळेत असता शहरात प्लेगची साथ आली व त्यांच्या शाळेतील कित्येक मुले तिला बळी पडली. विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तर स्वीडनच्या सैन्याने शहरास वेढा दिला. अशा रीतीने मृत्यू त्यांच्या नित्य परिचयाचा झाला होता. सोनाराच्या घरी वाढल्याने हात मात्र सूक्ष्म कामास सरावलेला होता, आणि हीच पुंजी त्यांच्या पुढील कार्यास उपयोगी पडली.

१६६० साली ते हॉलंडात गेले. तेथे एका मेंढीचे डोके तपासत असता, कानाजवळच्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नळी त्यांच्या हातास लागली. ज्या गुरूंच्या घरी ते राहत होते त्यांनी हा शोध आपलाच असल्याचे म्हणावयास कमी केले नाही. तथापि न्याय अखेर शिष्याच्याच बाजूने झाला, आणि ती नळी आजही वैद्यकाच्या पुस्तकांत स्टेनो यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे अश्रू कोठून येतात तेही त्यांनी दाखविले. हृदयाविषयी विद्वानांत नाना कल्पना होत्या. कोणी त्यास उष्णतेचे माहेरघर म्हणत, तर कोणी जीवाचे आसन. स्टेनो यांनी ते उकलून पाहिले आणि हृदय हा इतर स्नायूंसारखाच एक स्नायू आहे असा निर्णय दिला. १६६५ साली पॅरिस येथे विद्वानांच्या सभेत मेंदूवर व्याख्यान देण्याचा प्रसंग आला, तेव्हा या विषयाचे आपणांस काहीच ज्ञान नाही अशी कबुली देऊनच त्यांनी आरंभ केला. जे पाहिले नाही ते पाहिल्याचे न सांगणे हा त्यांचा स्वभाव होता. याच स्वभावाने त्यांस विद्येत मोठे केले आणि हाच स्वभाव त्यांस ख्रिस्तसभेच्या दारी घेऊन आला.

१६६६ साली ते इटलीतील फ्लॉरेन्स येथे आले. तेथील महाड्यूक दुसरे फेर्दिनांद हे विद्येचे चाहते होते, आणि गॅलिलिओचे शिष्य त्यांच्या दरबारी होते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लिव्होर्नोच्या किनाऱ्यापाशी कोळ्यांनी एक प्रचंड शार्क मासा पकडला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला आणवून महाड्यूकांनी ते स्टेनो यांच्या स्वाधीन केले. त्या माशाचे दात पाहताच स्टेनो यांस एका दगडाची आठवण झाली.

या दगडास त्या काळी जिव्हाशिला म्हणत. तो त्रिकोणी, गुळगुळीत व चकचकीत असे, आणि विशेषेकरून माल्टा बेटातील खडकांतून निघे. संत पौल जहाज फुटून माल्टास लागले असता त्यांच्या हातास साप डसला, परंतु त्यांस काही अपाय झाला नाही, ही प्रेषितांच्या कृत्यांतील कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तीवरून लोकांत अशी समजूत रूढ झाली होती की, संत पौलाने बेटावरील सापांस शाप दिला व त्यांच्या जिभांचे दगड झाले. म्हणून हे दगड विषावर उतारा म्हणून लोक गळ्यात बांधत व पेल्यात बुडवीत. कित्येक विद्वान म्हणत की, असे आकार खडकात आपोआपच उगवतात. स्टेनो यांनी मात्र माशाचा दात व जिव्हाशिला शेजारी ठेवून एकेक रेघ ताडून पाहिली, आणि हे जुन्या काळच्या शार्क माशांचेच दात होत असे १६६७ साली प्रसिद्ध केले. असे म्हणणारे ते पहिलेच नव्हते. इटलीतील फाबिओ कोलोन्ना यांनी १६१६ सालीच तसे लिहिले होते. परंतु स्टेनो एवढ्यावर थांबले नाहीत. समुद्रातील माशाचा दात डोंगरातील खडकात शिरला कसा, हा प्रश्न त्यांनी स्वतःस घातला.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६६९ साली फ्लॉरेन्स येथे छापलेले त्यांचे छोटेखानी लॅटिन पुस्तक. एका मोठ्या ग्रंथाची ती केवळ प्रस्तावना होती. मोठा ग्रंथ पुढे लिहिला गेलाच नाही. त्यातील विचार थोडक्यात असे. दोन घन वस्तू एकमेकींस चिकटलेल्या असल्या व एकीचा ठसा दुसरीवर उमटलेला असला, तर जिचा ठसा उमटला ती आधी घट्ट झालेली असली पाहिजे. शिंपल्याचा ठसा खडकावर आहे. म्हणून शिंपला आधीचा व खडक मागाहूनचा. तेव्हा तो खडक एके काळी मऊ गाळ होता. गाळ पाण्यात बसतो तो आडवा व सपाट बसतो. म्हणून डोंगरात जे थर कललेले दिसतात ते पुढे काही कारणाने हलले असले पाहिजेत. एक थर बसून घट्ट झाल्याशिवाय त्यावर दुसरा बसत नाही; म्हणून खालचा थर जुना. आणि थर बसताना काही आडवे आले नाही तर तो चहूकडे पसरतो. म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर तोच थर आढळला तर मधला भाग पाण्याने कापून नेला असे समजावे. घोड किंवा भीमा यांच्या काठी उभे राहून पलीकडची दरड ज्याने निरखली आहे त्यास हे लगेच उमजेल.

हा शोध चालू असताच त्यांच्या अंतःकरणात दुसराही एक शोध चालला होता. १६६६ साली लिव्होर्नो येथे कॉर्पस क्रिस्ती म्हणजे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली. सारे शहर परमपवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकीत होते. त्यांस वाटले, हे एक तर भाकरीच्या तुकड्यापुढे लोटांगण घालणारे वेडे लोक असावेत, नाही तर येथे खरोखरच ख्रिस्ताचे शरीर असावे, आणि तसे असेल तर आपणही त्यास वंदन का करू नये? प्रश्न एकदा उठल्यावर तो टाळणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मंडळीच्या प्राचीन आचार्यांचे ग्रंथ मूळ भाषांतून वाचले, धर्मगुरूंशी वाद केला. एका मठाचे औषधालय सांभाळणाऱ्या धर्मभगिनी मारिया फ्लाव्हिया देल नेरो आणि लाव्हिनिया आर्नोल्फीनी नावाची एक सद्गुणी कुलीन स्त्री या दोघींनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली व त्यांस निर्भीडपणे बोधही केला. अखेर २ नोव्हेंबर १६६७ रोजी, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, त्यांचा निश्चय झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या सुमारास ख्रिस्तसभेत त्यांचा स्वीकार झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भूस्तरांवरील पुस्तक त्यांनी लिहिले ते या निश्चयानंतर, आधी नव्हे. संत पौलाच्या नावावर चाललेली जिव्हाशिलांची कथा ज्यांनी मोडून काढली, त्यांनीच त्या प्रेषिताचा धर्म स्वीकारला. कथा गेली तरी संत पौलाचे काही उणे झाले नाही.

डेन्मार्कच्या राजाने त्यांस १६७२ साली सन्मानाने बोलावून राजशरीरशास्त्रज्ञ नेमले. परंतु ल्यूथरन देशात कॅथलिक मनुष्यास विद्यापीठाचा अध्यापक होता येत नव्हते, आणि धर्मावरून वादही वारंवार उठत. दोन वर्षांनी ते फ्लॉरेन्सला परतले व १६७५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १६७७ साली अकरावे इनोसंट पोप महाशय यांनी त्यांस बिशप नेमून उत्तरेकडील प्रदेशांत धाडले. त्यांचा बिशपाभिषेक कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारीगो यांच्या हस्ते झाला, जे पुढे स्वतः संतपदास पोहोचले.

उत्तर जर्मनी व स्कँडिनेव्हिया येथे तेव्हा कॅथलिक लोक अगदी थोडे व दूरदूर विखुरलेले होते. कोठे दहा घरे, कोठे चारच. मिस्सा व्हावयाची तर धर्मगुरूंनी मैलोगणती प्रवास करावा. शिरूर-दौंडकडील आमच्या वडीलधाऱ्यांस अशा कळपाचे वर्णन परके वाटणार नाही. हॅनोव्हर येथे स्टेनो दोन-अडीच वर्षे होते. तेथेच प्रसिद्ध तत्त्वज्ञ लायब्निझ यांच्याशी त्यांचा परिचय झाला. स्टेनो यांनी शास्त्राचा व्यासंग सोडून धर्मकार्यास वाहून घेतले याचे लायब्निझ यांस वाईट वाटे. १६८० साली ते म्युन्स्टर येथे सहायक बिशप झाले. खेडोपाडी फिरणे, मुलांस शिकविणे, धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांची कसून पारख करणे हे त्यांचे काम होते. १६८३ साली तेथील मुख्य बिशपांचे निधन झाले आणि नव्या बिशपाच्या निवडणुकीत पैशाची देवघेव झाली. स्टेनो यांनी त्याचा निषेध केला, त्या निवडणुकीत आपला वाटा राहू दिला नाही, आणि पद व शहर दोन्ही सोडून ते निघून गेले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहो. ख्रिस्तसभेवर ज्याचे प्रेम असते तो तिच्या घरातील घाण झाकीत बसत नाही.

यापुढे ते हँबुर्ग येथे, आणि अखेर श्वेरीन येथे, एका साध्या मिशनऱ्याप्रमाणे राहिले. बिशपपदाची अंगठी व क्रूस विकून त्यांनी ते पैसे गरिबांस दिले. आठवड्यातील बहुतेक दिवस उपवास, अंगावर जुनी वस्त्रे आणि उत्तरेकडील कडाक्याची थंडी, यांनी शरीर खंगले. पोटातील खड्यांच्या असह्य वेदना सोशीत ५ डिसेंबर १६८६ रोजी श्वेरीन येथे त्यांनी देह ठेवला. वय अवघे अठ्ठेचाळीस. महाड्यूक तिसरे कोझिमो यांनी त्यांचे शव फ्लॉरेन्सला आणवून सान लोरेन्झो या मंदिरात ठेवविले. १८८१ साली इटलीत जगातील भूगर्भशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा त्या मंडळींनी या समाधीस आदराने भेट दिली. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी दुसरे जॉन पॉल पोप महाशय यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले.

आता त्यांच्या विद्येचे पुढे काय झाले ते पाहू. स्टेनो यांनी थरांचा क्रम लावावयास शिकविले. परंतु एका देशातील थर व दुसऱ्या देशातील थर एकाच काळचे आहेत हे ओळखावे कसे, हा प्रश्न उरला होता. तो सोडविण्यास समुद्रातील एक जुना प्राणी कामी आला. त्यास अमोनाइट म्हणतात. मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले त्याचे कवच असे. मेंढ्याची शिंगे असलेल्या आमोन नावाच्या मिसरी देवावरून त्यास हे नाव पडले. आमच्या कोकणातील बांधव ज्यास माकूल म्हणतात त्या जातीचा हा दूरचा आप्त. इंग्लंडात व्हिट्बी येथे लोक या दगडांस साप समजत आणि संत हिल्डा हिने सापांचे दगड केले असे सांगत. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवघरांत गंडकी नदीचे जे शाळिग्राम असतात, त्यांपैकी अनेकांत हेच अमोनाइट दिसतात.

हे प्राणी मेल्यावर समुद्राच्या तळाशी बसत, त्यांवर चुन्याचा बारीक गाळ साचे, आणि त्याचाच पुढे चुनखडक होई. युरोपातील जुरा पर्वतात असे चुनखडकाचे थरांवर थर आहेत. त्यावरून त्या युगास जुरासिक हे नाव मिळाले. ते सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले व साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी संपले. अमोनाइटांच्या जाती लवकर लवकर बदलत आणि समुद्रातून दूरवर पसरत. म्हणून एका थरात जी जात सापडते ती त्याच्या फार खाली वा फार वर सापडत नाही. इंग्लंडात कालवे खणविणारे विल्यम स्मिथ यांनी थरांतील अशा अवशेषांच्या आधारे थर ओळखून १८१५ साली आपल्या देशाचा नकाशा केला. जर्मनीत आल्बर्ट ओपेल यांनी अमोनाइटांवरून जुरासिक थरांची बारीक विभागणी केली. ओपेल यांचे शिष्य विल्हेल्म वागेन हे १८७० साली हिंदुस्थानच्या भूगर्भ खात्यात आले. कच्छच्या टेकड्यांतून फेर्दिनांद स्टोलिच्का आदींनी गोळा केलेल्या अमोनाइटांचे त्यांनी १८७३ ते १८७५ या काळात सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि युरोपातील थरांशी कच्छच्या थरांचा मेळ घातला. कच्छमध्ये धोसा नावाचा एक चुनखडकाचा थर आहे, माशाच्या अंड्यांसारख्या बारीक गोल दाण्यांचा बनलेला व अमोनाइटांनी भरलेला. त्याचे वय सुमारे १६ कोटी वर्षे मानतात.

त्याच कच्छमध्ये या थरांच्या वर काळा पाषाण पसरलेला आहे, आणि तो आमच्या शिरूर-दौंडच्या काळ्या पाषाणाच्याच कुळातला. येथे स्टेनो यांचा नियम लावून पाहावा. वरचा तो नवा. म्हणून आमच्या पायाखालचा पाषाण अमोनाइटांच्या त्या थरांहून नवा आहे. शास्त्रज्ञांनी स्वतंत्र रीतीने मोजले असता तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीतून तप्त रसरूपाने वाहत आलेला ठरतो. आणि पृथ्वीवरील शेवटचे अमोनाइट नष्ट झाले तेही त्याच सुमारास. आमच्या विहिरींत अमोनाइट का निघत नाही याचे उत्तर यात आहे. अग्निरसाच्या खडकात समुद्रातील शंख कोठून असणार? उलट आमच्या घरांतून जी शहाबादी फरशी दिसते ती दौंडहून सोलापूर, कलबुर्गीवरून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील शहाबादची, खऱ्या चुनखडकाची. ज्या खडकमालेतली ती आहे तिला भूगर्भशास्त्रज्ञांनी आमच्याच भीमेचे नाव दिले आहे. तीतही अमोनाइट नाही, कारण तो खडक असे प्राणी सृष्टीत येण्याच्या फार पूर्वीचा. एक फार जुना, एक त्यांच्या अंतकाळचा. अमोनाइटांचे युग या दोहोंच्या मधले.

ही कोट्यवधी वर्षे स्टेनो यांस ठाऊक नव्हती. त्यांच्या काळच्या इतर विद्वानांप्रमाणे तेही जगाचे आयुष्य काही हजार वर्षांचेच धरून चालले. आरेझ्झोजवळ निघालेली हत्तींची हाडे त्यांनी हॅनिबलच्या सैन्यातील हत्तींची मानली; ती वस्तुतः फार प्राचीन काळच्या हत्तींची होती. त्यांच्या या चुका आम्ही लपवीत नाही. त्यांनी दिलेला नियम इतका सरळ होता की, त्याच्याच आधारे पुढील पिढ्यांनी त्यांच्या चुका दुरुस्त केल्या. परमेश्वराने जग निर्माण केले हे श्रद्धा सांगते; ते किती काळात व कोणत्या क्रमाने घडत गेले हे दगड सांगतात. दगडाने सांगितलेले खरे मानल्याने निर्माणकर्त्याचा मान कमी होत नाही, हे स्टेनो यांच्या आयुष्याने दाखविले आहे.

त्यांनी शास्त्र सोडले याची हळहळ लायब्निझ यांस वाटली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही थोडी वाटते. तो मोठा ग्रंथ झाला असता तर बरे झाले असते. परंतु श्वेरीनच्या थंडीत ज्या गरिबाच्या घरी अंगठीच्या पैशांतून भाकरी आली, त्यास ही हळहळ वाटली नसेल. हिशोब कोणत्या वहीत मांडावयाचा, यावर सारे अवलंबून आहे.

धर्मग्रामही थराथरानेच उभे राहते. आज आम्ही ज्यावर उभे आहो तो थर आमच्या आजोबा-पणजोबांच्या श्रद्धेचा आहे. तो घट्ट बसला म्हणून आमचा त्यावर बसला. उद्या आमच्यावर आमच्या मुलांचा बसेल. ती मुले नदीकाठचा दगड घरी आणून आधी काय व मागाहून काय असे विचारू लागली, तर आईबापांनी त्यांस गप्प करू नये. ५ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा धन्यवादित निकोलस स्टेनो यांचे स्मरण करते. त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या मध्यस्थीची याचना करावी, आणि सत्य कोठेही आढळले तरी त्यास न भिण्याचे धैर्य प्रभूने आम्हां सर्वांस द्यावे, एवढीच या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना आहे.